संगणक सुरूच होत नाहीं तेव्हां

शुक्रवार, ता. १९ जुलै २०२४ रोजीं सकाळीं, भारतीय वेळेप्रमाणें ९ वाजून ३९ मिनिटांनीं, अमेरिकेंतील क्राउडस्ट्राइक नांवाच्या कंपनीनें आपल्या गिऱ्हाइकांच्या संगणकांकडे एक लहानशी फाईल रवाना केली. संगणकांचें चोरट्या हल्ल्यांपासून रक्षण करणारें सॉफ्टवेअर ही कंपनी विकते, आणि नवनवे हल्ले ओळखण्याच्या खुणा अशा फायलींतून वरचेवर पाठविणें हा तिचा नित्याचा परिपाठ होता. त्या दिवशींची फाईल मात्र सदोष निघाली. ती ज्या ज्या विंडोज संगणकावर जाऊन पोंचली, तो चालतां चालतां थबकला, निळा पडदा दाखवून कोसळला, आपोआप पुन्हां सुरू होऊं लागला आणि पुरता सुरू होण्यापूर्वींच पुन्हां कोसळला. कंपनीनें ७८ मिनिटांत ती फाईल मागें घेतली. पण मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें तोंवर सुमारें ८५ लाख संगणक या चक्रांत सांपडले होते. जगांतील एकंदर विंडोज संगणकांशीं ताडून पाहतां ही संख्या शेंकडा एकाहूनहि कमी भरते. परंतु ते संगणक विमानकंपन्यांचे, इस्पितळांचे, पेढ्यांचे आणि दूरचित्रवाणी केंद्रांचे असल्यामुळें खोळंबा जगभर झाला. आपल्या देशांतील विमानतळांवरहि प्रवाशांना हातानें लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. बँकांना त्या मानानें झळ थोडी लागली. दहा बँका व वित्तसंस्था यांच्या कामांत किरकोळ अडथळा आल्याचें रिझर्व्ह बँकेनें त्याच दिवशीं जाहीर केलें.

या साऱ्या गोंधळांत एक गोष्ट सहज नजरेआड झाली. त्या फाईलीमुळें कोणत्याहि संगणकाचा एखादा भाग जळला नव्हता कीं मोडला नव्हता. सांठविलेलीं पत्रें, हिशेब, रुग्णांचे कागद जेथल्या तेथें होते. घरांतील सर्व वस्तु जागच्या जागीं असाव्या आणि दाराची कडी मात्र आंतून पडलेली असावी, असा तो प्रकार होता.

घरगुती संगणकावर हाच प्रसंग लहान प्रमाणांत वारंवार ओढवतो. नवा प्रिंटर आणला, त्याचें सॉफ्टवेअर बसवितांना यंत्र मध्येंच अडकलें. विंडोजचें अपडेट अर्ध्यावर आलें असतां वीज गेली. कोणी सुचविलेलें एखादें फुकट सॉफ्टवेअर रात्रीं बसवून पाहिलें आणि सकाळीं पडद्यावर ओळखीचें चित्र येईना. अशा वेळीं घरांत जी घबराट उडते तिचें कारण यंत्राची किंमत हें क्वचित्‌च असतें. मुलीच्या लग्नाचीं छायाचित्रें, वडिलांच्या आजारपणाचे कागद, वर्षभर खपून लिहिलेला प्रबंध हें सर्व त्या एका पेटींत असतें, आणि त्याची दुसरी प्रत बहुधा कोठेंच नसते. मग यंत्र जवळच्या दुकानांत जातें. तेथील तरबेज तरुण तासाभरांत डिस्क पुसून विंडोज नव्यानें बसवून देतो, व संगणक खरोखरच सुरू होतो. छायाचित्रें तेवढीं त्यांत नसतात. मूळ बिघाडानें त्यांना धक्काहि लावलेला नव्हता. तीं गेलीं तीं दुरुस्तीनें गेलीं. त्या तरुणाला दोष देण्यांतहि अर्थ नाहीं, कारण गिऱ्हाईक त्याला ‘चालू करून द्या’ एवढेंच सांगतें.

हें टाळावयाचें तर संगणक सुरू होतो म्हणजे काय होतें, याची थोडी ओळख करून घेणें जरूर आहे. या क्रियेला इंग्रजींत बूट होणें म्हणतात, आणि हा शब्द पायांतल्या बुटाशीं संबंध असलेलाच आहे. बूट ओढून घालण्यासाठीं त्याच्या मागच्या बाजूस एक पट्टी असते. ती धरून स्वतःच स्वतःला वर उचलणाऱ्या मनुष्याची थट्टेची कल्पना इंग्रजींत रूढ आहे. संगणकाची अडचण नेमकी तशीच आहे. तो जें कांहीं करतो तें आज्ञावली वाचून करतो. परंतु आज्ञावली आंत घेण्याचें कामहि आज्ञावलीच करणार! मग पहिली कोणी आंत घ्यावी? केंब्रिज येथें १९४९ सालीं एडसॅक नांवाचा संगणक चालूं झाला, तेव्हां डेव्हिड व्हीलर यांनीं अवघ्या ३१ आज्ञांची एक मालिका टेलिफोन केंद्रांत वापरावयाच्या स्विचांवर कायमची जुळवून ठेविली होती. बटण दाबलें कीं त्या ३१ आज्ञा स्मृतींत उतरत आणि पुढची आज्ञावली कागदी पट्टीवरून वाचून घेत. आजच्या संगणकांतहि तत्त्व तेंच आहे; पायऱ्या मात्र वाढल्या आहेत.

या पायऱ्या शाळेच्या सकाळीसारख्या आहेत. सर्वांआधीं किल्ली घेऊन शिपाई येतो. त्याला गणित येत नाहीं कीं व्याकरण येत नाहीं. फाटक उघडणें, दिवे लागतात कीं नाहीं तें पाहणें आणि पुढचा मनुष्य कोण हें ठाऊक असणें एवढेंच त्याचें काम. संगणकांत हें काम मदरबोर्डावरील चिपेंत ठेवलेली एक आज्ञावली करते. जुन्या यंत्रांत तिला बायॉस व नव्यांत यूईएफआय म्हणतात. स्मृति, कळफलक, डिस्क हीं जागेवर आहेत असें पाहून ती डिस्कवरील बूट लोडर शोधते आणि कारभार त्याच्या हातीं देते. लोडर विंडोजचा गाभा, म्हणजे कर्नल, स्मृतींत आणून बसवितो. हे मुख्याध्यापक आले कीं हजेरी सुरू होते. डिस्क चालविणारा ड्रायव्हर, पडद्याचा ड्रायव्हर, पहाऱ्याचा ड्रायव्हर असे एकामागून एक पुकारले जातात, आणि हें सर्व झाल्यावर परवलीचा शब्द विचारणारें पान दिसूं लागतें.

म्हणून यंत्र अडल्यावर पहिला प्रश्न असा, कीं हजेरी कोठवर आली होती? बटण दाबल्यावर यंत्र करणाऱ्या कंपनीचें चिन्हहि पडद्यावर येत नसेल तर शिपाईच आलेला नाहीं, आणि त्याचा दोष आदल्या रात्रीं बसविलेल्या सॉफ्टवेअरवर सहसा टाकतां येत नाहीं. चिन्ह येऊन मग बूट करण्याजोगी डिस्क सांपडत नसल्याचा मजकूर येत असेल तर लोडरपाशीं घोटाळा आहे, अथवा डिस्कपाशीं. वर्तुळाकार फिरणारे ठिपके दिसून मग निळा पडदा येत असेल तर गाभा आलेला असून हजेरींतील कोणीतरी गडबड केली आहे. फसलेल्या सॉफ्टवेअरनें होणारे बिघाड बहुतेक या शेवटच्या प्रकारांतले असतात, आणि सुदैवानें दुरुस्तीला हाच प्रकार सर्वांत सोपा आहे.

येथें निळ्या पडद्याविषयीं एक गैरसमज दूर केला पाहिजे. तो पडदा म्हणजे यंत्राचा मृत्यु अशी पुष्कळांची समजूत असते; वस्तुतः तें विंडोजनें जाणूनबुजून घेतलेलें पाऊल आहे. साधें सॉफ्टवेअर चुकलें तर तेवढेंच बंद पडतें, बाकीचें काम चालूं राहतें. परंतु ड्रायव्हर हा गाभ्याच्या मांडीला मांडी लावून बसलेला असतो. तो भलत्या जागीं हात घालूं लागला, तर पुढें जाऊन डिस्कवरील मजकूर बिघडविण्यापेक्षां सर्व काम जागच्या जागीं थांबविणें विंडोज पत्करतें. क्राउडस्ट्राइकच्या बाबतींत हेंच घडलें. कंपनीनें पुढें ऑगस्ट २०२४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अहवालावरून दिसतें कीं नियमांच्या तक्त्याला २१ रकाने ठरविले होते, आणि संगणकावर बसलेली आज्ञावली मात्र २० च रकान्यांचा मजकूर पुरवीत होती. त्यापूर्वींच्या नियमांत एकविसाव्या रकान्यापुढें ‘कांहींहि चालेल’ अशा अर्थाची खूण असे, त्यामुळें त्याकडे पाहण्याचा प्रसंगच आला नाहीं व दोष महिनोन्‌महिने झांकून राहिला. १९ जुलैच्या फाईलीनें तो रकाना प्रथमच मागितला. आज्ञावली नसलेल्या जागीं वाचावयास गेली आणि सर्व कोसळलें. फाईल बाहेर जाण्यापूर्वीं तपासणारी जी दुसरी आज्ञावली होती, तिच्यांतहि चूक होती. प्रश्नपत्रिकेंत २१ प्रश्न आणि उत्तरपत्रिकेंत जागा २० उत्तरांची, हें तपासनिसाच्याहि ध्यानांत येऊं नये, असा हा योग!

उपाय अगदीं साधा होता. विंडोजमध्यें सेफ मोड म्हणून एक सोय आहे. तींत हजेरी अत्यावश्यक माणसांपुरतीच घेतली जाते. बाहेरून आलेल्यांना आंत घेतलें जात नाहीं. अशा रीतीनें यंत्र सुरू करून विंडोजच्या ड्रायव्हरांच्या कप्प्यांत शिरावयाचें, तेथें क्राउडस्ट्राइकच्या नांवाचा कप्पा उघडावयाचा, ‘सी-०००००२९१’ या अक्षरांनीं आरंभ होणारी फाईल काढून टाकावयाची आणि यंत्र नेहमींप्रमाणें सुरू करावयाचें. काम कांहीं मिनिटांचें. पण तें करावयाचें कोणी? मोठ्या संस्थांतून हजारों संगणकांची देखभाल एका जागीं बसून तारेवरून करण्याची पद्धति आहे. येथें यंत्र जाळ्याशीं नीट जोडलें जाण्यापूर्वींच मरून पडत होतें, त्यामुळें दूरचा हात तेथवर पोंचेना. प्रत्येक यंत्रापुढें एक मनुष्य जाऊन उभा राहणें भाग पडलें. दूरच्या केंद्रांत ठेवलेल्या ज्या यंत्रांना पडदा वा कळफलक नव्हता, अशांच्या कांहीं मालकांना यंत्र पुनःपुन्हां सुरू करून, क्वचित् १५ वेळांपर्यंत, यश आलें. कारण कोसळण्यापूर्वींच्या क्षणभरांत एखादे वेळीं सुधारलेली फाईल आंत येऊं शके. कंपनीनें दिलेल्या आंकड्यांप्रमाणें ता. २९ जुलैपर्यंत शेंकडा ९९ यंत्रें पूर्ववत् झालीं. ७८ मिनिटांत मागें घेतलेल्या फाईलीला निस्तरावयास दहा दिवस लागले!

विलंबाचें दुसरें कारण कुलूप हें होतें, आणि घरगुती संगणकाशींहि त्याचा संबंध आहे. यंत्र चोरीला गेलें तरी आंतील मजकूर कोणाला वाचतां येऊं नये म्हणून बिटलॉकर नांवाची व्यवस्था सर्व डिस्क गूढलिपींत ठेवते. रोजच्या व्यवहारांत तें कुलूप मालकाला जाणवतहि नाहीं. परंतु दुरुस्तीच्या वाटेनें आंत शिरूं लागल्यास ती व्यवस्था ४८ आंकड्यांची किल्ली मागते. सहा सहा आंकड्यांचे आठ गट. कित्येक नव्या संगणकांत हें कुलूप मालकानें न सांगतांच, मायक्रोसॉफ्टच्या खात्यानें प्रथम प्रवेश केल्याबरोबर लागलेलें असतें, आणि किल्ली त्या खात्यांत ठेवली जाते. त्या खात्याचा परवलीचा शब्द आठवेल तर दुसऱ्या संगणकावरून अथवा फोनवरून ती पाहतां येते. किल्लीवांचून मात्र कोणताहि कारागीर तो मजकूर सोडवूं शकत नाहीं. यास्तव यंत्र धड असतांनाच ते ४८ आंकडे कागदावर उतरवून घरच्या दस्तऐवजांत ठेवावे. त्याच संगणकांतील फाईलींत लिहून ठेवणारे महाभागहि आढळतात. त्यांची स्थिति तिजोरीची किल्ली तिजोरींत ठेवणाऱ्यासारखी होते.

आतां घरच्या प्रसंगाकडे. अपडेट चालूं असतां ठिपके फिरत आहेत, डिस्कचा दिवा लुकलुकत आहे आणि अर्धा तास उलटून गेला आहे, अशा वेळीं पहिला उपाय म्हणजे स्वस्थ बसणें. फसलेलें अपडेट विंडोज पुष्कळदां स्वतःच मागें घेतें, व केलेले बदल उलटवीत असल्याचें पडद्यावर सांगतें. जुन्या यंत्रावर यांत तास दोन तासहि जातात. मध्येंच वीज तोडणारा मनुष्य अर्धवट दुरुस्तीची पूर्ण मोडतोड करतो. वाट पाहूनहि हालचाल दिसत नसेल, तर संगणकाला जोडलेले पेनड्राइव्ह, प्रिंटर, जादा डिस्क हीं सर्व काढून ठेवावीं आणि मग बटण सुमारें दहा सेकंद दाबून धरून यंत्र बंद करावें. एखादा विसरलेला पेनड्राइव्ह हेंच सर्व आजाराचें मूळ ठरल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत, कारण शिपाई बिचारा त्यालाच डिस्क समजून त्यावर लोडर शोधीत बसतो.

लागोपाठ दोनतीन वेळां सुरू होण्यांत अपयश आलें कीं विंडोज आपण होऊन दुरुस्तीचें पान दाखवितें. तें न आलें तर दुसऱ्याच्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या साधनानें विंडोजचा पेनड्राइव्ह तयार करून घ्यावा. त्याला निदान ८ जीबी जागा लागते, आणि त्यावरील जुना मजकूर पुसला जातो. त्यावरून यंत्र सुरू केल्यावर पडद्यावर नव्यानें बसविण्याची निवड ठळकपणें दिसते; ती सोडून ‘रिपेअर’ हा किंचित् आडबाजूला असलेला शब्द शोधावा. दुरुस्तीच्या पानावर ट्रबलशूट, व त्यांत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, येथें जी निरनिराळीं दारें आहेत त्यांतून निवडतांना आदल्या दिवशीं काय केलें होतें हें आठवावें. विंडोजचें अपडेट फसलें असेल तर तें काढून टाकण्याचें दार आहे. मोठी आवृत्तिच बदलली असेल तर मागें जाण्याची मुदत सामान्यतः दहा दिवसांची असते, हें ध्यानांत ठेवावें. प्रिंटरचा, पडद्याचा अथवा पहाऱ्याचा ड्रायव्हर बसविला असेल तर स्टार्टअप सेटिंग्जमधून पुढें जाऊन ४ हा आंकडा दाबावा. यंत्र सेफ मोडमध्यें उठेल, आणि तेथें तो ड्रायव्हर काढून टाकतां येईल अथवा जुन्या आवृत्तीवर परत नेतां येईल. सेफ मोडमध्यें चित्र ओबडधोबड दिसतें, अक्षरें मोठीं दिसतात. त्यानें घाबरून जाण्याचें कारण नाहीं. उलट यंत्र तेवढें उठलें याचा अर्थ गाभा व डिस्क हीं शाबूत आहेत.

सिस्टीम रिस्टोअर नांवाचें आणखी एक दार आहे. तें विंडोजच्या फायली व बसविलेलीं सॉफ्टवेअर मागच्या एखाद्या तारखेच्या स्थितीला नेतें आणि घरच्या कागदांना व चित्रांना हात लावीत नाहीं. सोय फार उत्तम. परंतु ती आधीं चालूं केलेली असावी लागते आणि पुष्कळ संगणकांत ती बंदच आढळते. सर्वांत शेवटीं रीसेट. त्यांत स्वतःच्या फायली ठेवण्याचा एक व सर्व काढून टाकण्याचा एक असे दोन पर्याय येतात. पहिल्या पर्यायांतहि बसविलेलीं सॉफ्टवेअर जातात, दुसऱ्यांत कांहींच उरत नाहीं; आणि घाईंत बोट कोठें पडेल याचा नेम नसतो.

म्हणून रीसेटपूर्वीं मौल्यवान फायली बाहेर काढाव्या. दुरुस्तीच्याच पानावर कमांड प्रॉम्प्ट उघडून नोटपॅड हा शब्द इंग्रजींत लिहिला कीं तो साधा लेखनफलक उघडतो. त्यांतील फाईल उघडण्याच्या खिडकींत सर्व प्रकारच्या फायली दाखविण्याची निवड केली, कीं सगळी डिस्क डोळ्यांपुढें येते, आणि तेथूनच फाईल वा कप्पा उचलून पेनड्राइव्हवर उतरवितां येतो. नेहमींची सी डिस्क येथें कधीं कधीं डी अथवा ई या नांवानें दिसते, एवढें लक्षांत असूं द्यावें. नाहीं तर मनुष्य रिकामा कप्पा पाहून उगाच कपाळाला हात लावतो. अर्थात् बिटलॉकरचें कुलूप असेल तर याच ठिकाणीं ते ४८ आंकडे हवेत. दुकानांत यंत्र नेणाऱ्यानेंहि ‘चालू करून द्या’ असें न सांगतां, ‘आधीं फायली काढून द्या, मग काय तें करा’ असें सांगावें.

एकाच संगणकावर विंडोज व लिनक्स अशा दोन्ही प्रणाली नांदविणाऱ्यांची तऱ्हा किंचित् निराळी आहे. ऑगस्ट २०२४ मध्यें मायक्रोसॉफ्टच्या एका अपडेटनें जुन्या लिनक्स लोडरांना यंत्राच्या दारांतच अडविलें. दोन प्रणाली असलेल्या यंत्रांना तें लागूं व्हावयाचें नव्हतें, परंतु कित्येक ठिकाणीं दुसरी प्रणाली त्याला ओळखतांच आली नाहीं. विंडोज नेहमींप्रमाणें सुरू होई, लिनक्स मात्र सुरक्षेच्या धोरणाचा भंग झाल्याचें सांगून बंद पडे. तेथेंहि मजकूर सर्व जागेवर होता. सिक्युअर बूट ही पहाऱ्याची सोय तात्पुरती बंद करून आंत जाणें, व लिनक्समधून तो नवा निर्बंध काढणें, हा उपाय होता. पक्की दुरुस्ती मे २०२५ मध्यें आली.

२०२४ च्या धड्यानंतर क्राउडस्ट्राइकनें अशा फायली टप्प्याटप्प्यानें पाठविण्यास आरंभ केला, आणि मायक्रोसॉफ्टनें २०२५ मध्यें विंडोज ११ मध्यें एक नवी सोय आणली. तिच्या योगें अडलेलें यंत्र दुरुस्तीच्या पानावरूनच जाळ्याशीं जोडलें जाऊन कंपनीकडे आपल्या दुखण्यावर उतारा आहे का, हें विचारूं शकतें. मोठ्या प्रमाणावर एकच दोष पसरला असेल तर तिचा उपयोग होईल. परंतु एका घरांतील एका प्रिंटराच्या ड्रायव्हरासाठीं असा उतारा तयार असण्याचा संभव थोडा.

या सर्व उपचारांना एक अपवाद आहे. शिपायाच्या नोंदींत, म्हणजे बायॉस वा यूईएफआयच्या पडद्यावर, डिस्कचें नांवच दिसत नसेल, अथवा जुन्या तबकडीच्या डिस्कमधून टक्‌टक् असा आवाज येत असेल, तर दोष सॉफ्टवेअरचा नसून डिस्कचाच आहे. अशा यंत्रावर सेफ मोड, रीसेट, पेनड्राइव्ह यांपैकीं कांहींहि करून पाहूं नये, कारण मरणोन्मुख डिस्क जितकी अधिक फिरेल तितका अधिक मजकूर जातो. तें तत्काळ बंद करावें, आणि डिस्कवरील मजकूर सोडवून देण्याचेंच काम करणाऱ्या जाणकाराकडे नेईपर्यंत पुन्हां सुरू करूं नये.